भोकाची ट्यूब

"मशीन इथं चौरंगावर ठेव ताई, आणि तू जरा खाली थांब."

चीफ इंजिनिअर असं म्हणले. आवाज एकदम मऊ. खंडेनवमीचा दिवस होता. साखर कारखान्यात सगळीकडं झेंडूच्या माळा. मिलला माळ, टर्बाइनला माळ, पाने-हातोड्यांना हळदीकुंकू. पहिल्या बॉडीसमोर, म्हणजे उसाचा रस आटवायचं जे दोन मजली लोखंडी भांडं असतं त्याच्यासमोर, सतरंजी टाकलेली. मधी चौरंग. त्या चौरंगावर माझं तपासणीचं मशीन मांडायचं होतं.

मी म्हणलं, "साहेब, मी मशीनजवळ थांबते. कडेला उभी राहते."

"अगं, तुमच्यात पूजा-बिजा मानत न्हाईत ना? मग उगं कशाला अवघडल्यासारखं? थांब खाली. प्रसाद पाठवून देतो."

घ्या! म्हणजे माझ्याच सोयीसाठी मला हाकललं. बोलायला जागाच ठेवली नाही. मी पूजा मानत नाही, हे खरंच आहे. पण मी पूजा मागितली होती का? माझ्या वस्तूपाशी उभं राहायचं होतं मला. पुण्याच्या कंपनीनं ते मशीन माझ्या सहीवर दिलं होतं. त्याला नुसता धक्का लागला तरी जाब मी देणार.

माझा जोडीदार गणेश मात्र वरच राहिला. गणेश माझ्याच वयाचा, दोन लेकरांचा बाप. तो केबल ओढायचा, मशीनच्या स्क्रीनवरलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. त्याच्या हातात नारळ दिला. कपाळाला गंध लावलं. तो माझ्याकडं बघायचं टाळत होता, एवढं मला दिसलं.

मी लोखंडी जिन्यानं खाली उतरले.

खाली आधीच माणसं बसली होती. ट्यूब घासणारी टोळी. आठ जण, टोळीचा म्होरक्या शिवामामा. सीझन बंद असला की ही माणसं बॉडीच्या आत उतरतात आणि ट्यूबांना आतून धरलेली खरड तारेच्या ब्रशानं घासून काढतात. शिवामामा म्हणले, "या बाय, बसा." मी बसले नाही. त्यांच्यापासून चार हात लांब उभी राहिले. हेल्मेट डोक्यावरच ठेवलं, गळ्यातलं ओळखपत्र नीट समोर घेतलं. वरच्यांनी मला कुठं बसवलंय ते कळून चुकलं होतं, आणि मला ते मान्य नव्हतं. पण माझा राग त्या क्षणी वर गेला नाही, तो या माणसांवर निघाला. आज लिहिताना लाज वाटते. पण घडलं ते असं.

माझ्या कामाचं सांगते, म्हणजे पुढलं कळंल.

ट्यूब म्हणजे स्टीलची लांब नळी. एका बॉडीत अशा हजारावर उभ्या नळ्या. आतून रस जातो, बाहेरून वाफ लागते. रस आणि वाफ यांच्यामधी एवढी पातळ भिंत. ती भिंत कुठं खाल्ली गेली असंल तर वरून दिसत नाही. चकचकीत दिसते. आम्ही ट्यूब कापत नाही, फोडत नाही. बोटाएवढी प्रोब केबलला लावून आत सोडायची. प्रोबमधल्या तारेच्या वेटोळ्यातनं वीज खेळवली की ट्यूबच्या भिंतीत विजेचे भोवरे उठतात. भिंत धड असंल तर भोवरे सरळ फिरतात. भिंत खाल्लेली असंल तर अडखळतात, आणि स्क्रीनवर एक फास उमटतो. फास कुठल्या अंगाला कलला यावरून कळतं, किती खाल्लीय आणि कुठून खाल्लीय, आतून का बाहेरून. एडी करंट टेस्टिंग म्हणतात याला.

पण मशीन खरं बोलतंय कशावरून? त्यासाठी एक हातभर ट्यूब सोबत असते, कॅलिब्रेशनची. तिला मुद्दाम भोकं पाडलेली असतात. एक आरपार, बाकीची कमी-जास्त खोल, काही आतून, काही बाहेरून. काम सुरू करताना आधी तिच्यात प्रोब फिरवायची. कामाच्या शेवटी परत तिच्यात फिरवायची. दोन्ही वेळेला मशीननं तेच दाखवलं, तरच मधलं सगळं रीडिंग धरायचं. शेवटचं फिरवणं राहिलं तर सगळी तपासणी पाण्यात.

म्हणजे माझा धंदाच संशयाचा. ट्यूबवर संशय, मशीनवर संशय. माझ्यावर संशय घ्यायला तर सगळा गावच बसलेला.

पहिल्याच दिवशी चीफनी विचारलं होतं, "गाव कुठलं?"

"अणदूरच्या पलीकडं."

"आडनाव?"

सांगितलं. या आडनावाचे मराठेही आहेत, आमचेही आहेत. मग ते अडकले. "गावात घर कुठं? मारुतीच्या पारापासून कुठल्या अंगाला?"

"पारापासून लांब. बुद्धविहाराच्या मागं."

"असं असं," म्हणले. तेव्हापासून 'मॅडम'ची 'ताई' झाले आणि 'तुम्ही'ची 'तू' झाले. आता कुणी थेट जात विचारत नाही. अंगण विचारतात, पार विचारतात. मग मीही प्रत्येक प्रश्न उलटापालटा करून बघायला शिकले. यानं चहा दुसऱ्या कपात का दिला? कप फुटला होता का? सर्टिफिकेट माझंच का बघितलं, गणेशचं का नाही? कधी खरंच काही नसतं. पण मला ते कळणार कसं?

चार दिवसांत मी सगळ्या ट्यूब तपासल्या. एकोणतीस खराब निघाल्या. सगळ्याच्या सगळ्या एका जागी, वाफ जिथून आत शिरते त्या तोंडासमोर. आणि सगळ्या बाहेरून खाल्लेल्या. तिथं वाफ अडवायला जाड पत्रा असतो. मी बॅटरी मारून बघितलं. पत्रा गळून पडलेला होता, कुणी परत बसवलाच नव्हता. वाफेचा मारा थेट ट्यूबांवर.

चीफना सांगितलं. ते म्हणले, "घासणाऱ्यांनी खाल्ल्यात ट्यूबा. रासवट लोकं, ब्रश जोरात दाबतात."

"साहेब, ब्रश आतून फिरतो. हे बाहेरून आहे."

त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. "गणेश, तुला काय वाटतं रे?"

केबल ओढणारा गणेश. तो म्हणला, "जरा जास्तच निघाल्या वाटतंय, साहेब."

हे ऐकलं आणि मला माझा बाप आठवला.

माझा बापही ट्यूबच घासायचा. दुसऱ्या एका कारखान्यात. मी पाचवीत होते. आई आजारी होती म्हणून शाळेतनं परस्पर आबांची भाकरी घेऊन गेले. टाइम ऑफिससमोर ही गर्दी. ट्यूब फुटून रस वाफेच्या पाण्यात मिसळला होता, ते पाणी बॉयलरला गेलं होतं. बॉयलरच्या पाण्यात साखर गेली की बॉयलर बिघडतो. तिथली नळी फुटून एका फायरमनचे पाय भाजले होते. फोरमननं आबांना उन्हात उभं केलं होतं. हातात तारेचा ब्रश वर धरायला लावला होता, शाळेत पाटी धरायला लावतात तसा.

"बघा," फोरमन सगळ्यांना म्हणत होता, "ह्या ब्रशानं कारखाना बंद पाडला. ह्यांच्या हातात दिलं की वाटोळंच."

माणसं हसत होती. आबांची मान खाली. मी भाकरीचं फडकं धरून उभी. आबांनी मला बघितलं आणि ब्रश आणखी वर धरला, म्हणजे तोंड झाकंल.

घरी येताना वाटेत मी विचारलं, "आबा, तुमच्याच हातनं फुटली का?"

आबांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं. मग म्हणले, "मला काय म्हाईत, पोरी. आत अंधार आसतो."

त्या उत्तरानं मला पोखरलं. बापानं 'न्हाय' म्हणायला पाहिजे होतं. तसं तो म्हणला नाही. त्यालाच ठाऊक नव्हतं. आणि मग मलाही वाटायला लागलं, असंल, यांनीच फोडली असंल. लई वर्षं वाटलं. पुढं डिप्लोमा केला, पुण्यात या टेस्टिंगची परीक्षा दिली, ते हुशारी होती म्हणून केलं असं लोक सांगतात. मरू दे ते. मला बघायचं होतं, त्या अंधारात भिंत कोण खातं. ब्रशानं आतून नुसते ओरखडे उठतात, भिंत जात नाही, हे मी शिकले तोवर आबा गेले होते. सांगायला माणूसच राहिला नाही.

आता परत खंडेनवमीवर येते.

पूजेच्या आदल्या दिवशी तपासणी संपली, फक्त कॅलिब्रेशनची ट्यूब शेवटची फिरवायची राहिली होती. तेवढ्यात चीफनी खाली उतरवलं. "पूजेसाठी धुवायचं आहे सगळं, उद्या बघ काय ते." म्हणून ती ट्यूब मशीनच्या पेटीतच राहिली आणि पेटीसकट चौरंगावर गेली.

खाली उभी असताना वरून घंटा ऐकू येत होती. मधीच वॉचमननं जिन्यावरून हाक मारली, "ए शिवा, हे भंगारात टाकून ये." शिवामामा गेले, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन मागच्या अंगाला निघून गेले. मी बघितलं आणि मान फिरवली. भंगार काय, शिवामामा काय, माझा काय संबंध!

प्रसाद आला. कागदाच्या द्रोणात शिरा. पूजा संपली, मी वर गेले. पेटी उघडली. आत नवी कोरी ट्यूब. हातभर, गुळगुळीत, पाच बोटं कुंकवाची. एक भोक नाही.

"गणेश, माझी ट्यूब कुठंय?"

"ती व्हय? ती भोकाची होती ना. भटजी म्हणले, भंगलेली वस्तू पूजेला चालत न्हाय. चीफसाहेबांच्या मिसेस म्हणल्या, चांगली ठेवा. मग स्टोअरमधनं नवी कापून आणली."

"आणि तू गप बसलास? रोज दोनदा बघतोस ती ट्यूब!"

"पूजेत कुठं वाद घालायचा?"

मी तिथं असते तर एका वाक्याचं काम होतं. तेवढ्यासाठीच तर मी उभी राहणार होते.

चीफ आले. मी सांगितलं. ते हसले. "अगं, जुनी गेली, नवी मिळाली. उद्या हिच्यावरच सेट कर मशीन."

"साहेब, या ट्यूबवर दोषच नाही. हिच्यावर सेट केलं तर मशीनला दोष कसा असतो तेच कळणार नाही. सगळ्याच ट्यूब चांगल्या दाखवंल."

"बरंच हाय की मग." हसू थांबलं. "हे बघ, दसरा झाला की बॉयलर पेटवायचाय, पाहुणे यायचेत. रिपोर्ट उद्या पाहिजे. एक तर सगळं ठीक लिही. न्हाईतर एकोणतीस ट्यूबा आतून गेल्यात असं लिही, मी घासणाऱ्यांचं बघतो. तिसरं काही लिहायचं म्हणशील, तर तुझ्याकडं आता पुरावा कुठंय?"

माझ्या मनात पाल चुकचुकली. या माणसाला सगळं कळत होतं. शेवटचं फिरवणं राहिलं की सगळं रीडिंग बाद, हे मी सांगितलंच नव्हतं, तरी त्यांच्या तोंडात 'पुरावा' हा शब्द होता. मग भटजीनं खरंच हटकलं, का भटजीच्या तोंडून हटकवलं? गणेश बावळट, का गणेश सामील? मला आजही माहीत नाही. पत्रा न बसवणं कुणाच्या अंगावर आलं असतं, एवढं मात्र माहीत होतं. आणि 'घासणाऱ्यांचं बघतो' म्हणजे काय बघणार, तेही मी पाचवीतच बघितलं होतं.

मी खाली पळाले.

"मामा, मघाशी तुम्हाला टाकायला काय दिलं होतं?"

शिवामामांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मघाशी त्यांनी बसा म्हणलेलं आणि मी न बसलेली, ते त्यांच्या ध्यानात होतं. तरी म्हणले, "नळी हुती. भोकाची. मला वाटलं बादच हाय."

"ती माझी आहे. ती नसली तर उद्या ट्यूबा तुम्हीच खाल्ल्या असं लिहितील."

मामांच्या चेहऱ्यावर आबा दिसले मला. मामा म्हणले, "बाय, खरं सांगा. आमच्या हातनं झालंय का ते? आत कायबी दिसत न्हाय."

तेच वाक्य. वीस वर्षांनी, दुसऱ्या तोंडातनं. आतला अंधार यांना ठाऊक, आणि त्या अंधारात काय झालं ते दुसरेच सांगणार! माझा बाप असाच मेला, स्वतःवर संशय घेत. मला हुंदका आला आणि त्याच्या मागोमाग संताप आला.

"न्हाय मामा," मी म्हणलं. "तुमच्या हातनं न्हाय झालं. मी दाखवते. चला."

भंगाराचा ढीग पुरुषभर उंच. आम्ही नऊ जण त्यात शिरलो. गंजलेल्या साखळ्या, बेअरिंगं, पत्रे. माझं हेल्मेट कुठं पडलं, बघितलं नाही. टोळीतल्या एकाला फडकं दिसलं. आत माझी ट्यूब. एका टोकाला चेपली होती, पण भोकं सगळी शाबूत.

ट्यूब घेऊन मी जिना चढले. मागं वळून म्हणलं, "सगळे वर या." टोळी थबकली. वर सतरंजी होती अजून. मी म्हणलं, "या ओ मामा, मी हाय ना." ते आले. चपला काढायला लागले. मी म्हणलं, चपला राहू द्या.

मशीनवर कुंकू होतं, अक्षता होत्या. मी बाहीनं पुसलं.

गणेश घाबरला. "आगं, आज हत्याराला हात लावत नसत्यात!"

"तुझं हत्यार आसंल. माझं काम आहे."

मशीन चालू केलं. प्रोब भोकाच्या ट्यूबमधी घातली आणि ओढली. स्क्रीनवर फास उमटले, एकामागं एक, आदल्या दिवशी होते तसेच. शेवटचं फिरवणं झालं. चार दिवसांचं रीडिंग पक्कं झालं. मग मी शिवामामांना जवळ बोलावलं. "हे बघा, हे भोक आतून आहे, फास असा कलतो. हे बाहेरून आहे, तसा कलतो." मग मॅनहोलमधनं बॉडीच्या आत उतरले, एका खराब ट्यूबमधी प्रोब सोडली आणि आतून ओरडले, "मामा, कुठं कलला?"

"दुसऱ्यावानी!" मामा वरून ओरडले. "भाइरच्यावानी!"

"अजून एक बघा!"

"भाइरनं! ह्योबी भाइरनंच!"

बॉडीच्या आत तो आवाज घुमला. मी त्याच प्लेटवर गुडघे टेकून बसले होते जिथं टोळी बसून घासते, आबा बसत असतील तशीच.

वर आले तर चीफ उभे. चेहरा तापलेला. "कुणाच्या परवानगीनं चालू केलं? आणि ही माणसं वर कशी?"

"ट्यूब माझी. मशीन माझ्या ताब्यातलं. सही माझी," मी म्हणलं. "आणि ट्यूबा यांनी घासल्यात, म्हणून ही माणसं वर."

त्यांनी पुण्याला माझ्या कंपनीत फोन लावला आणि माझ्या हातात दिला. माझ्या साहेबांनी मला म्हणलं, "ताणू नकोस, पुढच्या सीझनचं काम जाईल. त्यांना पाहिजे ते लिही." मी म्हणलं, "मग सही तुम्ही करा, सर." सही करायला कुणीच तयार नव्हतं. लिहायला सांगायला मात्र सगळे तयार होते.

रिपोर्ट मी तिथंच बसून लिहिला. एकोणतीस ट्यूबा, प्रत्येकीचा नंबर, बाहेरून खाल्लेल्या, वाफेच्या तोंडासमोर, अडवायचा पत्रा जागेवर नाही. या ट्यूबा दोन्ही टोकांना गुडद्या, म्हणजे बुचं, मारून बंद केल्याशिवाय बॉडी चालू करू नये. रिपोर्टची प्रत फक्त चीफकडं जाते, अशी रीत. मी आणखी प्रती काढल्या. एक कारखाना निरीक्षकाच्या कार्यालयात दिली, पोच घेतली. एक शिवामामांच्या हातात दिली. मामांना वाचता येत नाही. त्यांनी घडी घालून टोपीत ठेवली.

त्या कारखान्याचं काम मला परत मिळालं नाही. गणेश आता तिथं स्वतः मशीन घेऊन जातो म्हणे. कुणाच्या ट्यूबवर सेट करतो, देव जाणे. एकोणतीस ट्यूबा बंद केल्या का, हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. शिवामामांची टोळी मात्र कामावर आहे. कुणी बोट दाखवलं की मामा टोपी काढतात.

मला कुणी म्हणतं, एवढा संशय बरा नव्हे बाई. व्हय की, बरा नाहीच. पण तो मी धरलेला नाही, मला दिलेला आहे. पाचवीत असताना दिला होता, बापाच्या हातात ब्रश देऊन. तो मी माझ्याच माणसांवर वापरला, वीस वर्षं. आता नाही वापरणार. आता तो जिथला आहे तिथं परत जाणार.

म्हणून कुठल्याही कारखान्यात गेले की आधी विचारते, ट्यूब घासणारी माणसं कुठंयत. त्यांना वर बोलावते. ती आल्याशिवाय मशीन चालू होत नाही. आधी त्यांना दाखवते, मग साहेबाला. चेपलेल्या टोकाची ती ट्यूब अजून माझ्याकडंच आहे, पेटीत ठेवत नाही, हातात ठेवते. परवा एका ठिकाणी नारळ फोडायचा होता. एक जण म्हणला, "मॅडम, मशीन राहू द्या, तुम्ही जरा खाली थांबा." मी मशीनची वायर काढली, पेटी बंद केली आणि ट्यूब काखेत मारली.

"मी खाली, तर हे सगळं खाली," म्हणलं. "बोला, कुठं थांबू?"